सेतूच्या पहिल्या वर्षाचे कागद

जे लिहायला बसलोय ते मी वसुधालाही सांगितलेलं नाही, आणि बायकोपासून लपवलेलं असं माझ्याकडे दुसरं फारसं काही नाही. देवापुढेही हे मी कधी शब्दांत आणलं नाही. नुसते हात जोडले आणि दुसरंच काहीतरी मागून आलो. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून जरा सोपं जातंय. की हेही खोटंच?

आणखी एक आधीच सांगून टाकतो. ही लिपी सेतूला वाचता येत नाही. तंजावुरातल्या आमच्या मराठी घरांमध्ये बोलणं उरलं, लिहिणं गेलं. वाण्याची यादी, लग्नपत्रिका, सगळं तमिळमध्ये. मला देवनागरी येते ती शाळेच्या वयात हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून, आणि पुस्तकातली मराठी येते ती बायको सांगलीची मिळाली म्हणून. सेतूच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. तेव्हा मी हे मराठीत लिहितोय ते भाषेच्या प्रेमापोटी, असं समजू नका.

सेतू म्हणजे सेतुमाधवराव. माझा मित्र — हा शब्द लिहिताना हात अडखळतो, पण दुसरा कुठून आणू?

मेलवीदी रस्त्याच्या मागे एका बोळात आमची घरं समोरासमोर होती. त्याच्या घरी आंबटवरण उकळलं की आमच्या घरी कळायचं. शाळा एक, बाक एक, सायकलही पुष्कळ वर्षं एकच — तो चालवायचा, मी मागे. रविवारी वेण्णार नदीवर पोहायला जायचो. संध्याकाळी मोठ्या देवळाच्या आवारातल्या हिरवळीवर पाय पसरून बसायचो आणि मी त्याची परीक्षा घ्यायचो. तिसरीत आपल्या वर्गात कोण कोण होतं? तो हजेरीच्या क्रमाने नावं म्हणायचा, मध्येच शाळा सोडून गेलेल्यांसकट. गेल्या पोंगलला तुझ्या आत्याने कोणत्या रंगाची साडी नेसली होती? तेही. कुणी तरी काही विसरलं की बोळातल्या बायका म्हणायच्या, सेतूला विचारा. मला त्याचा हेवा वाटायचा का? थोडासा. पण जास्त करून अभिमानच वाटायचा, जसा आपल्या गावच्या गोपुराचा वाटतो. उभारायला आपण काही केलेलं नसतं, तरी आपलंच.

मोठा झाल्यावर तो मोटर रिवाइंडिंगच्या कामात शिरला. आमच्या कावेरीच्या मुलखात भाताला पाणी देणारे पंप असंख्य, आणि विजेचा दाब कमीजास्त झाला की त्यांच्या मोटरी जळतात. जळलेली तांब्याची तार काढायची, नवी तार मोजून वेढे घालून बसवायची, वर वार्निश द्यायचं. वेढे चुकले की मोटर पुन्हा जळते. बाकीचे कारागीर वहीत बघून वेढे मोजायचे. सेतू गप्पा मारत मोजायचा. पापनाशमकडच्या एखाद्या शेतकऱ्याने दारात मोटर उतरवली की म्हणायचा, "ही तुमच्या वडिलांच्या वेळची ना? हिला मी आधी एकदा भरलोंय." आणि उघडायच्या आधी वेढ्यांचा आकडा सांगायचा.

(आमच्या घरच्या बोलीत 'मी भरलोंय', 'मी दिलों' असंच म्हणतात. वसुधा लग्नानंतर वर्षभर यावर हसत होती.)

चौदा वर्षं त्याने दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पगारावर काम केलं. मीही एका ऑडिटरच्या ऑफिसात तेवढीच वर्षं काढली. आणि मग एकाच वर्षी — ठरवून नव्हे, पण एकमेकांच्या धीराने — दोघांनीही नोकऱ्या सोडल्या. त्याने करंदैच्या रस्त्याला भाड्याने गाळा घेतला. मी एका औषधाच्या दुकानावरची खोली घेतली आणि 'टॅक्स कन्सल्टंट' अशी पाटी लावली. पाटीचे स्क्रू त्यानेच मारले. खाली उतरून रस्त्याच्या पलीकडे उभा राहून वाकडी तर नाही ना, हे तो किती वेळ बघत होता! मग आम्ही कोपऱ्यावर कॉफी प्यायलो, आणि पैसे कुणी द्यायचे यावरून भांडलो, कारण दोघेही आता मालक होतो.

त्या दिवसांची आठवण आली की अजून छाती भरून येते. पहिले सहा महिने सेतू रोज संध्याकाळी दुकान बंद करून माझ्याकडे यायचा, अंगाला वार्निशचा वास घेऊन, आणि प्रश्न विचारायचा. कराची त्याला फार भीती. "तिकडे पगारातून मालकच कापून घ्यायचा. आता कोण कापणार?"

"आता तुझा मालक तूच," मी म्हणायचो. "तूच मोजायचं, तूच भरायचं. मार्चच्या मध्यापर्यंत आगाऊ भरता आलं तर उत्तम. नाही जमलं तर नंतर व्याजासकट भर. पण जुलै संपायच्या आत रिटर्न गेलं पाहिजे. प्रत्येक बिल ठेव. तारेची खरेदी, भाड्याची पावती, कुणाकडून हातउसने घेतलेस तर त्याचीही चिठ्ठी. कमाई कुठली आणि उसने कुठले, हे कागदच सांगतो."

तो सगळं ऐकायचा. कापडाच्या दुकानातून मिळते तशी पिवळी पिशवी त्याने गाळ्यात खिळ्याला टांगली आणि वर्षभर प्रत्येक कागद त्यात टाकला. वर्ष संपल्यावर मे महिन्यात एका दुपारी ती पिशवी त्याने माझ्या टेबलावर आणून ठेवली. माझं पहिलं गिऱ्हाईक. फी मी घेणार नव्हतो.

हो. पिशवी त्याने दिली होती. माझ्या हातात.

इथे थोडं थांबतो.

त्या जूनमध्ये मला एका राइस मिलचं काम मिळालं. मग त्यांच्या ओळखीने आणखी दोन मिलवाल्यांचं. मोठे लोक, गाडीतून येणारे. सेतूची पिशवी मी स्टीलच्या कपाटात खालच्या खणात ठेवली — उद्या बघू म्हणून. सेतूचं काम अर्ध्या दिवसाचं होतं. जुलै गेला. एकदा एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेला असताना त्याने विचारलं, "माझं झालं का रे?" मी म्हणालो, "होईल." त्यानेही पुन्हा विचारलं नाही. कशाला विचारेल? दुसऱ्या वर्षी त्याने नवे कागद आणले, ते मात्र मी वेळेवर भरले. तेव्हा मागचं राहिलंय हे मला पक्कं आठवत होतं. दंड, व्याज देऊन तेही भरता आलं असतं, मुदत होती. पण दंड का, असं तो विचारणार. मग सांगावं लागणार. जरा निवांत वेळ बघून सांगू म्हटलं. तसा वेळ मी काढला नाही आणि ती मुदतही गेली. तिसऱ्या वर्षाचंही रिटर्न वेळेवर भरलं. खालचा खण उघडायचं मी बंद केलं.

आणि मग गाळ्याच्या मालकाने गाळा विकायला काढला. म्हातारा भला होता. म्हणाला, सेतू, आधी तुला विचारतो, दोन महिने थांबतो. सेतू बँकेत गेला. बँकेने तीन वर्षांची रिटर्नं मागितली. दोन वर्षांच्या पोचपावत्या त्याच्याकडे होत्या. पहिल्या वर्षाची माझ्याकडे असणार म्हणून तो सकाळी अकराला ऑफिसात आला, सोबत रुक्मिणीवहिनी — त्याची बायको. बँकेतून सरळ आले होते, वहिनींच्या डोक्यात ताजी फुलं होती. बाकावर दोन मिलवाले बसलेले.

"नागू, पहिल्या वर्षाची पावती तेवढी दे," सेतू म्हणाला. "दुपारच्या आत बँकेत द्यायचीय."

मला सांगता आलं असतं. 'सेतू, खाली चल, कॉफी पिऊ' म्हणता आलं असतं आणि जिन्यात सांगता आलं असतं. तो रागावला असता, ओरडला असता. पुढे? मला ठाऊक आहे पुढे काय झालं असतं. तिसऱ्या दिवशी तो परत आला असता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, हेच तर.

मी बाकाकडे बघितलं आणि म्हणालो, "त्या वर्षाचे कागद तू दिलेच नाहीस मला."

तो हसला. त्याला चेष्टा वाटली. "मी दिलों की रे. पिवळी पिशवी. या टेबलावर."

"पिशवी दुसऱ्या वर्षी आणलीस. पहिल्या वर्षी मी दोनदा तुला आठवण केली. देतो देतो म्हणालास."

"पण लग्नात मी विचारलों... तू होईल म्हणालास..."

"ते दुसऱ्या वर्षाचं."

एकही शब्द अडखळला नाही. आजही मला त्याचं आश्चर्य वाटतं — आधी काही ठरवलेलं नव्हतं, आणि तरी किती नीटनेटकं बाहेर आलं! सेतू माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. काहीतरी आठवताना तो डावीकडे वर बघतो आणि त्याला ते सापडतंच. त्या दिवशी तो तसा वर बघत राहिला, बराच वेळ, आणि मग त्याची नजर खाली आली. त्याला सापडलं होतं, पण त्याने ते माझ्या शब्दाखातर सोडून दिलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

"तुम्ही घरीच ठेवली असणार," रुक्मिणीवहिनी हळूच म्हणाल्या. मिलवाल्यांसमोर त्यांना लाज वाटत होती. "चला, शोधू या."

इथवर ऐकलंत, तर पुढचंही ऐका. कारण खोटं बोलणं ही गोष्ट अजून मला कळू शकते. दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते नाही कळत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी शोधायला मदत करायला गेलो.

का गेलो? नाही गेलो तर संशय येईल म्हणून? की त्याचं तोंड बघितल्याशिवाय राहवेना म्हणून? करंदैतलं ते लहानसं घर त्यांनी अक्षरशः उलटं केलं होतं. माळ्यावरची पितळी भांडी खाली, ट्रंका उघड्या, गाद्या दुमडलेल्या. त्यांची मुलगी जानकी तेव्हा शाळेत होती, तीसुद्धा सुट्टी घेऊन जुन्या वह्या चाळत होती. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि माळ्यावर चढलो. धुळीत गुडघे टेकून मी पेट्या सरकवत होतो. पिशवी माझ्या कपाटात होती, किल्ली माझ्या खिशात. वाकलो की मांडीला टोचत होती.

खाली सेतू बायकोवर ओरडला. त्याला ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "रद्दीत घातलीस! जुन्या पेपरवाल्याला दिलीस तू!"

"मी नाही हो," त्या म्हणत होत्या. "तुमच्या कागदाला मी हात लावत नाही. अण्णा, तुम्ही तरी सांगा यांना."

अण्णा म्हणजे मी. मी माळ्यावरून म्हणालो, "जाऊ दे रे सेतू, होतं असं. माणूस विसरतो."

मग त्यांनी मला कॉफी दिली. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी पेला समोर ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्हाला आमच्यामुळे त्रास." मी कॉफी प्यायलो. चांगली होती.

आठवड्याने सेतू एकटा ऑफिसात आला. केळी घेऊन आला होता. उभ्यानेच बोलला. "नागू, त्या दिवशी चार माणसांत मी तुझ्यावर संशय घेतलों. मनात ठेवू नको." एवढं बोलून तो रडवेला झाला, आणि मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी त्याला माफ केलं! हो, असंच म्हणालो — "सोड रे, मी विसरलोसुद्धा."

दोन महिने झाल्यावर म्हाताऱ्याने गाळा दुसऱ्याला विकला. सेतूने पापनाशमच्या वाटेवर एक पत्र्याची शेड घेतली, करंदैपासून तासाभराच्या अंतरावर. नंतर पहिल्या वर्षाचं रिटर्न नाही म्हणून आयकर खात्याची नोटीसही आली. सेतू माझ्याकडेच आला, दुसऱ्या कुणाकडे जाणार? कागद नाहीत, तेव्हा बँकेच्या पासबुकात जे जमा दिसलं त्यावरून हिशेब मांडावा लागला. त्यात वहिनींच्या बांगड्या गहाण ठेवून दुकानासाठी आणलेले पैसेही होते. ती कमाई नव्हे, हे दाखवणारी सावकाराची चिठ्ठी पिशवीत होती. सावकार तोवर गाव सोडून गेलेला. सेतूने त्या पैशांवरही कर भरला, वर व्याज आणि दंड. फॉर्म मी भरला. माझ्या हाताने, तो समोर बसलेला असताना, पाठीमागे कपाट.

ते काम संपल्यावर एका दुपारी मी दार लावून पिशवी काढली आणि कागद फाडले. एकेक. प्रत्येक बिलामागे त्याच्या बारीक तमिळ अक्षरात गावाचं नाव, मोटरची ताकद, वेढ्यांचा आकडा लिहिला होता. खरं तर त्याला लिहायची गरज नव्हती. मी सांगितलं होतं, सगळं लिहून ठेव, म्हणून त्याने लिहिलं होतं.

पैशाचं सांगून झालं. पण पैसा सेतूने पुढे दोन-तीन वर्षांत भरून काढला. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

सेतू वेढे वहीत बघून मोजायला लागला. पहिल्यांदा शेडवर गेलो तेव्हा बघितलं — तो तार गुंडाळत होता आणि ओठ हलत होते. मी काहीतरी विचारलं तर हात वर करून थांब म्हणाला. पूर्ण झाल्यावर उलगडून पुन्हा मोजले. आकडा बरोबर होता. तरी त्याने तिसऱ्यांदा मोजले. शेडला कुलूप लावून निघालो, आणि अर्ध्या वाटेतून तो मोपेड वळवून कुलूप ओढून बघायला परत गेला. आता कुणालाही काही दिलं की तो वहीत लिहितो आणि समोरच्याची सही घेतो, ओशाळं हसत — "माझं डोकं असं आहे, काय करू." शेतकरी सही करतात. ज्यांच्या मोटरींचे आकडे त्याला आजही पाठ आहेत, ते. मी एकदा मुद्दाम विचारलं, अम्मापेट्टैच्या त्या साडेसात हॉर्सपॉवरला किती वेढे होते? त्याने झटकन आकडा सांगितला. मग चेहरा पडला. "नको धरू तो. वही बघून सांगतों." वहीत तोच आकडा होता.

त्याच्या डोक्यात काही बिघडलेलं नव्हतं. कधीच नव्हतं. मी त्याला सांगितलं की बिघडलंय, आणि त्याने माझं ऐकलं.

किती वर्षं झाली. किती वेळा आम्ही एकत्र जेवलो, एकमेकांच्या घरची लग्नं केली, त्याच्या आईला खांदा दिला. सांगायला जागा नव्हती असं नाही. प्रत्येक वर्षी जुलैमध्ये तो माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसतो. मी रिटर्न भरतो, पोचपावतीच्या दोन प्रती देतो, तो वहीत सही घेतो. दरवर्षी तोंड उघडायची एक ठरलेली तारीख मला मिळते.

या वर्षी जानकी आली. चोवीस वर्षांची झाली आहे. त्रिचीची नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलंय, लग्नाच्या ब्लाउजवर आरीचं भरतकाम. हात चांगला आहे, ऑर्डरी भरपूर. पहिलंच वर्ष. मराठी तिला सगळी समजते, बोलते अर्धी तमिळमध्येच. तिने फाइल टेबलावर ठेवली, प्रत्येक कागदाच्या दोन-दोन प्रती.

"सगळं फोनमध्येच आहे मामा, पण अप्पा ऐकत नाहीत," ती म्हणाली. "अप्पा म्हणाले, नागूकडेच दे. मी विसरेन, तो नाही विसरणार."

मी फाइल उघडली. तिला समोर बसवूनच रिटर्न भरलं. कर किती बसतो, पुढच्या वर्षी आगाऊ कधी भरायचा, सगळं सांगितलं, आणि ती उठायच्या आत पोचपावती तिच्या फोनवर गेली. तिला नवल वाटलं. एवढंच असतं? मी म्हणालो, एवढंच असतं.

मग ती पिशवीचा किस्सा सांगायला लागली. तिच्या घरात आता तो किस्साच आहे, पाहुणे आले की सांगायचा. अप्पांनी घर कसं उलटं केलं, अम्माला कसे ओरडले, शाळा बुडवून तिने वह्या कशा चाळल्या, आणि नागूमामा कसे धुळीने माखून माळ्यावरून उतरले. "तुम्हाला माहीतच आहे ना मामा, अप्पांचं डोकं," असं म्हणून ती हसली.

मीही हसलो.